भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतोय

प्रश्न : वडील यंदा वारले. राहुरी तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे. ‘तुझं लग्न 1989 मध्ये झालं, तुला हक्क नाही,’ असं भाऊ म्हणतो आणि सही मागतो.

उत्तर : ताई, मनापासून हिस्सा सोडायचा नसेल तर सही करू नका. वारसा कायद्यातील महाराष्ट्राच्या 1994 च्या दुरुस्तीने त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं; गावोगाव अजून तेच सांगितलं जातं, याचं वाईट वाटतं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. हा हक्क जन्मतःच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं. वारसनोंदीत आपलं नाव नसेल तर नोटिशीपासून पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या, पोच घ्या. वाटपाच्या दाव्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील देतं.