विक्री आणि दान : एक हिशेब



आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे चतुर्विध दान आपल्या शास्त्रांत सांगितले आहे. आपण व्यापारी त्यास आणखी एक मार्ग जोडू पाहतो. चांगला खाद्यपदार्थ करावा, तो रास्त दराने विकावा आणि नफा सत्कार्यास लावावा, हा तो मार्ग होय. तो उत्तम आहे. परंतु त्यात निसरड्या जागाही आहेत. म्हणून काही उदाहरणे पाहू.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनींनी पापड लाटण्यास आरंभ केला. भांडवल होते उसने आणलेले ८० रुपये आणि पहिला माल होता चार पाकिटे. हीच पुढे 'लिज्जत' या नावाने सर्वविदित झालेली संस्था. उसनवार देणारे छगनलाल करमसी पारेख भारत सेवक समाजाचे सदस्य होते. भगिनींनी आरंभीच ठरविले की, तोटा आला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही. प्रारंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला व एक स्वस्तातला. छगनबापांनी सांगितले, प्रत एकच ठेवा, ती कधी उतरू देऊ नका आणि हिशेब चोख राखा. पहिल्या वर्षी ६,१९६ रुपयांची विक्री झाली. पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम थांबले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती निघाली. येथे दान नव्हे, स्वाभिमानाची मिळकत वाटली गेली. संस्थेच्या संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

दुसरे उदाहरण परदेशचे आहे. अमेरिकेतील प्रसिद्ध नट पॉल न्यूमन हे घरी केलेली सॅलडवरची चटणी बाटल्यांत भरून नाताळात स्नेह्यांना भेट देत. १९८२ साली त्यांनी तीच बाजारात आणली आणि सगळाच नफा धर्मकार्यास द्यावयाचा असे ठरविले. त्यांच्या मागे, म्हणजे २००८ नंतरही, हा नियम चालू आहे. मात्र तेथील कायद्याप्रमाणे धर्मादाय प्रतिष्ठानास एखाद्या धंद्याचा २० टक्क्यांहून अधिक हिस्सा धारण करता येत नसे. शेवटी २०१८ साली सारा नफा दान करणाऱ्या अशा धंद्यांसाठी कायद्यात सवलत झाली. नियत शुद्ध असली तरी व्यवस्था बांधावीच लागते, हा त्यातील बोध.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. तरुणपणी आमच्या धान्याच्या पेढीवर प्रत्येक पोत्यामागे धर्मादाय म्हणून काही पैसे घेण्याची रीत होती. ती रक्कम कीर्दीत चढे, परंतु पेटी निराळी नव्हती. एका वर्षी तुरीचे भाव कोसळले आणि मी ती रक्कम खरेदीस लावली. 'तात्पुरती' असे मनास समजाविले. वसतिगृहास द्यावयाचे धान्य त्या हंगामात उशिरा पोचले. वडिलांनी वह्या पाहिल्या. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ही रक्कम आपली कधी नव्हतीच." व्याजासह ती त्यांनी माझ्याकडून भरून घेतली. अचौर्य हे केवळ दुसऱ्याच्या तिजोरीपुरते नसते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आपल्या घरोघरी पापड, सांडगे, मेतकूट, चटणी करणाऱ्या सुगरण भगिनी आहेत. त्यांच्या हातच्या मालातून आपण सत्कार्य उभारू इच्छित असाल, तर तीन गोष्टी पाळाव्यात.

पहिली, माल असा असावा की दान नसतानाही ग्राहक तो घेईल. दयेपोटी एकदाच विक्री होते.

दुसरी, पाकिटावर स्पष्ट लिहावे की विक्रीतील भाग देणार की नफ्यातील. शंभर रुपयांच्या पाकिटास नव्वद रुपये खर्च आला, तर नफा दहा रुपये. 'दहा टक्के धर्मार्थ' असे छापून नफ्याचा दशांश दिला, तर एकच रुपया जातो. ग्राहकास मात्र दहा दिल्याचे समाधान होते. ही अर्धसत्याची कमाई होय.

तिसरी, दानाची खतावणी वेगळी, पेटीही वेगळी आणि वार्षिक हिशेब सर्वांपुढे मांडलेला.

कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि मुलांच्या जेवणासाठी घरोघरचे मूठभर धान्यही गोळा केले. ती मूठ लहान होती, परंतु पूर्ण पोचत असे. आपल्या विक्रीतील रुपयाही तसाच पूर्ण पोचावा.