बाबांची तीच गोष्ट आणि एरिक्सनचे आठ टप्पे



काल आपण गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकापाशी थांबलो. देहात राहणारा बालपण, तारुण्य आणि म्हातारपण यांतून जातो, आणि दुसरा देह मिळणं हाही तसाच पुढचा एक बदल, असं भगवान अर्जुनाला सांगतात. श्लोकाचा रोख आत्म्याकडे आहे, अवस्था फक्त उदाहरणापुरत्या आल्यात. पण रात्री एकाने मेसेज केला, "दादा, आत्मा बदलत नाही हे कळलं. पण या तीन अवस्थांतून जाताना माणूस आतून कसा बदलतो, यावर कुणी लिहिलंय का?"

लिहिलंय, आणि भरपूर लिहिलंय. म्हणून आज चौदावा श्लोक घेत नाही. आज एका मानसशास्त्रज्ञाबद्दल बोलू. मी त्याला गेले सात-आठ महिने वाचतोय, आणि त्याच्यामुळे आमच्या घरात एक गोष्ट घडलीय. ती शेवटी सांगतो.

त्याचं नाव एरिक एरिक्सन. जन्म 1902, जर्मनीत फ्रँकफर्टला. आई डॅनिश ज्यू, खरे वडील कोण हे त्याला आयुष्यभर नीट कळलं नाही. सावत्र वडील लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांचं होम्बर्गर हे आडनाव त्याला मिळालं. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. त्यामुळे सिनेगॉगमध्ये मुलं त्याला परका म्हणायची आणि शाळेत ज्यू म्हणून चिडवायची. पुढे काही वर्षं चित्रं काढत युरोपभर भटकला, 1927 मध्ये व्हिएन्नाला एका छोट्या शाळेत शिकवायला गेला आणि तिथे अ‍ॅना फ्रॉइडकडे मनोविश्लेषण शिकला. 1933 मध्ये अमेरिकेला गेला. 1939 मध्ये नागरिकत्व मिळालं तेव्हा त्याने स्वतःच आडनाव घेतलं, एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. एरिकचा मुलगा एरिक! विद्यापीठाची पदवी त्याने कधीच घेतली नाही, तरी हार्वर्डला प्राध्यापक झाला. (हे वाचून माझ्या बी.ई.च्या चार वर्षांची आणि तीन केट्यांची फार आठवण झाली.)

'ओळखीचा पेच' हा शब्दप्रयोग रूढ केला तो यानेच. का केला असेल, ते वरचा परिच्छेद वाचून कळतंच.

1950 मध्ये त्याचं 'चाइल्डहूड अँड सोसायटी' आलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माणसाची वाढ मरेपर्यंत चालते. फ्रॉइडने सगळा भर लहानपणावर दिला होता, याने पूर्ण आयुष्याचे आठ टप्पे मांडले. प्रत्येक टप्प्यावर एक ओढाताण असते. तान्ह्या बाळापुढे प्रश्न असतो, या जगावर विश्वास ठेवू का? दीड-दोन वर्षांच्या पोराला सगळं स्वतः करायचं असतं, आणि जमलं नाही की लाज वाटते. आमची लेक सध्या इथेच आहे. चप्पल उलटी घालते आणि हात लावला तर "मी मी मी" म्हणून घर डोक्यावर घेते. मग येतो पुढाकार आणि अपराधीपणा यांचा झगडा, मग शाळेच्या वयात कामाची हौस आणि कमीपणाची भावना, किशोरवयात ओळख, विशीत जवळीक की एकटेपण, मधल्या वयात पुढच्यांसाठी काही उभं करणं की साचून जाणं, आणि शेवटी, जगलो ते आपलं म्हणून पदरात घेणं की हळहळ.

इथे एक गैरसमज फार होतो. आपण हे आठ टप्पे परीक्षेसारखे वाचतो. पास झालो, पुढची यत्ता. एरिक्सनचं म्हणणं तसं नव्हतं. पूर्ण विश्वास ठेवणारं बाळ उद्या रस्त्यावर कुणाच्याही मागे जाईल. थोडा अविश्वासही अंगी हवा. दोन्ही राहतात, फक्त पारडं चांगल्या बाजूला झुकलेलं असावं, आणि त्या झुकण्यातून एकेक बळ येतं. पहिल्या टप्प्यातून आशा, सातव्यातून काळजी घेण्याची वृत्ती, आठव्यातून शहाणपण. शिवाय जुने प्रश्न मिटत नाहीत, पुढच्या प्रत्येक वयात नव्या कपड्यांत परत येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हे वॉटरफॉल मॉडेल नाहीये. पहिल्या रिलीजमधला बग दहा वर्षांनी प्रॉडक्शनमध्ये भेटतोच.

आता आश्रमांकडे. ही तुलना मी पहिल्यांदा केलेली नाही. सुधीर कक्कर नावाच्या तरुणाने 1968 मध्येच आश्रमव्यवस्था आणि एरिक्सन यांच्यावर लेख लिहिला होता. हा माणूस मूळचा मेकॅनिकल इंजिनिअर! एरिक्सनची आणि त्याची ओळख अहमदाबादेत झाली, पुढे तो हार्वर्डला त्याच्या हाताखाली शिकवायला गेला आणि भारतातला नावाजलेला मनोविश्लेषक झाला. शेवटची बरीच वर्षं गोव्यात राहिला, 2024 मध्ये वारला. इंजिनिअरिंग करून 'आता काय' असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी खास सांगितलं.

दोन्हींत साम्य दिसतं ते गृहस्थ आणि त्यापुढच्या वयात : आधी घेणं, मग देणं, मग सोडणं. फरकही मोठा आहे. आश्रमांची मोजणी उपनयनापासून, म्हणजे साधारण आठव्या वर्षापासून. तोवर एरिक्सनचे तीन टप्पे होऊनही जातात. शिवाय आश्रम प्रामुख्याने तीन वर्णांच्या पुरुषांसाठी सांगितलेत, हे आपण सोयीस्कर विसरतो. आणि 'पंचवीस-पंचवीस वर्षांचे चार भाग' हे जे आपल्याला शाळेत सांगतात, तेही सुरुवातीपासून तसं नव्हतं. जुन्या धर्मसूत्रांत आश्रम हे पर्याय आहेत. शिक्षण झालं की यातला एक निवड. एकामागून एक चढायच्या पायऱ्या ते नंतर झाले, मनुस्मृतीत तसे दिसतात.

एरिक्सनवरही अशीच टीका झाली. त्याच्याबरोबर हार्वर्डला शिकवलेल्या कॅरल गिलिगनने 1982 मध्ये लिहिलं की हा नकाशा पुरुषाच्या आयुष्यावरून काढलाय. आधी 'मी कोण', मग 'कुणाबरोबर', हा क्रम बायकांच्या आयुष्यात असाच असतो असं नाही. माझ्या बायकोला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे कळायला 1982 उजाडलं?"

आता तुमच्यातल्या बहुतेकांच्या वयाकडे येऊ. एरिक्सनच्या 'ओळखी'वर जेम्स मार्सिया याने 1966 मध्ये एक सोपी मांडणी केली. दोन प्रश्न विचारा. वेगवेगळे पर्याय शोधून पाहिले का? आणि कशाशी तरी स्वतःला बांधून घेतलं का? दोन्हीला 'नाही' म्हणजे भरकटलेला. शोधतोय पण बांधून घेतलेलं नाही, तो अधल्यामधल्या मुदतीत. शोधून मग बांधून घेतलं, त्याला ओळख सापडली. आणि चौथा, ज्याने कधी शोधलंच नाही, पण पक्का बांधलेला आहे. दुसऱ्याने आखलेली ओळख अंगावर घातलेला.

तो चौथा म्हणजे मी. दहावीला मार्क बरे पडले, मग सायन्स, मग सीईटी, मग कॅप राऊंडमध्ये जे मिळालं ते. "कॉम्प्युटर मिळालं ना, मग प्रश्नच नाही" असं काका म्हणाले, आणि खरंच मी कुठलाच प्रश्न विचारला नाही. तिशीत प्रश्न सुरू झाले. आणि खरं सांगू? भक्तीचंही तसंच. आजी करायची म्हणून हरिपाठ, घरात माळ होती म्हणून माळ. मधली तीन-चार वर्षं मी काहीच केलं नाही. आई फार कष्टी झाली. पण आज ज्या हरिपाठाला बसतो तो मला माझा वाटतो, आणि ती तीन-चार वर्षं नसती तर वाटला असता का, शंका आहे. तुमच्यापैकी कुणी सध्या त्या मधल्या मुदतीत असेल तर घरच्यांनी त्याला नास्तिक ठरवायची घाई करू नये, एवढंच माझं मत.

आता सातवा टप्पा. इथे मी सगळ्यात जास्त अडकलो.

एरिक्सनने 1969 मध्ये 'गांधीज ट्रुथ' लिहिलं. त्याला पुलित्झर मिळालं. विषय, अहमदाबादचा 1918 चा गिरणी संप. प्लेगच्या काळातला बोनस मालकांनी बंद केला, कामगारांना 35 टक्के वाढ हवी होती, मालक 20 वर अडलेले. मालकांचे पुढारी अंबालाल साराभाई आणि कामगारांच्या बाजूला त्यांचीच बहीण अनसूया. गांधी तेव्हा 48 वर्षांचे. कामगार डळमळायला लागले तेव्हा गांधींनी उपोषण केलं आणि तीन दिवसांत तडजोड झाली. एरिक्सनला यात मधल्या वयाचा माणूस दिसला, हजारो लोकांची जबाबदारी आपली मानणारा.

पण पुस्तकाच्या मध्येच तो थांबतो आणि गांधींना थेट पत्र लिहितो. मेलेल्या माणसाला पत्र! म्हणतो, सत्याबद्दल तुम्ही एवढं बोलता, पण कस्तुरबांशी आणि आश्रमातल्या मुलांशी तुम्ही जसं वागलात त्यात मला काहीतरी खोटं दिसतं. जगाची काळजी वाहणारा घरात कठोर का होतो, हा त्याचा प्रश्न.

पत्र वाचून मी भारावलो होतो. मग त्याचं चरित्र वाचलं. 1944 मध्ये एरिक्सनला चौथं मूल झालं, नील. डाउन सिंड्रोम. एरिक्सनने त्याला संस्थेत ठेवलं आणि मोठ्या मुलांना सांगितलं की बाळ जन्मताच गेलं. नील वीसेक वर्षं जगला. विश्वास हा आयुष्याचा पाया आहे, हे जगाला शिकवणाऱ्याच्या घरात हे होतं. आठ टप्प्यांची मांडणी आकाराला आली ती नीलच्या जन्मानंतरच्याच वर्षांत. मुलीने, सू एरिक्सन ब्लोलँडने, पुढे वडिलांच्या प्रसिद्धीच्या सावलीत वाढण्यावर पुस्तक लिहिलं.

तेव्हा डॉक्टरांचा सल्लाच तसा असायचा, हे खरं. तरी मी ते पुस्तक आठवडाभर उघडलं नाही. मग वाटलं, आपल्याकडेही विठ्ठलपंत आहेतच की. परंपरा सांगते, संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने परत संसारात आले, आणि त्याचा भोग चार लेकरांच्या वाट्याला आला. त्यातल्याच एका लेकराने, वयाचे कुठलेही टप्पे न जुमानता, पंधरा-सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली. ती कुठल्या तक्त्यात बसवायची, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि मग माझंच लक्षात आलं. रोज पहाटे पाचला उठून मी तुमच्यासाठी हे लिहितो. तुम्ही 'दादा, खूप आधार वाटतो' म्हणता, बरं वाटतं. आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत माझे बाबा जागे असतात.

बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांची एक गोष्ट आहे, कालवा फुटला त्या रात्रीची. पावसाळा, भगदाड, वाळूची पोती, पहाटेपर्यंत पाण्यात उभे, मग साहेबांचं प्रशस्तिपत्र. मी ती शंभरदा ऐकलीय. अलीकडे त्यांनी "त्या रात्री..." म्हटलं की मीच शेवट सांगून टाकायचो आणि मोबाइलकडे वळायचो.

रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1963 मध्ये एक निबंध लिहिला. तोवर म्हाताऱ्यांचं जुनं उगाळणं म्हणजे मेंदू थकल्याचं लक्षण, असं सर्रास मानायचे. बटलर म्हणाला, ते काम आहे. मृत्यू जवळ आला की माणूस आयुष्याची उजळणी करतो, न सुटलेले गुंते पुन्हा हातात घेतो. म्हणजे एरिक्सनचा आठवा टप्पा चालतो कसा, ते याने दाखवलं. हे वाचलं आणि मनात आलं, एकच गोष्ट शंभरदा का? कुठला गुंता सुटत नाहीये?

गेल्या महिन्यात एका पहाटे लॅपटॉप मिटला आणि बाबांच्या खोलीत गेलो. त्यांनी सुरू केलं, मी शेवट सांगितला नाही. "मग? तुम्हाला कळलं कसं, कालवा फुटलाय ते?" एवढंच विचारलं.

बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मी चौकीवर नव्हतोच रे."

त्या रात्री ते घरी आले होते. मला ताप होता, मी दोन वर्षांचा. काठावर मेंढ्या बसवलेल्या एका धनगराने पाण्याचा आवाज ऐकला, चौकीवर कुणी नाही पाहून तो चिखलातून गावापर्यंत पळत आला आणि आमचं दार वाजवलं. अहवालात बाबांनी त्याचं नाव घातलं नाही. घातलं असतं तर आपण कामावर नव्हतो हे उघड झालं असतं. प्रशस्तिपत्र एकट्याला मिळालं. ते कपाटात आहे, फ्रेम केलेलं. मी लहानपणी मित्रांना दाखवायचो.

हे सगळं त्यांना विचारूनच लिहितोय. "लिही," म्हणाले, "पण त्याचंही लिही."

त्याचं नाव त्यांना आठवतंय, आडनाव नाही. वाडी कुठली ते साधारण माहीत आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं गाडी काढून जाणार आहोत, लेकीलाही नेऊ म्हणतोय. त्यामुळे रविवारी चिंतन येणार नाही. चौदावा श्लोक सोमवारी.