जुना ई-मेल, नवा संगणक
'आऊटलुक एक्सप्रेस'मधील पत्रव्यवहार नव्या संगणकावर कसा आणावा?

इंटरनेट नुकतेच घरोघरी पोहोचू लागले होते, त्या काळात ई-मेल म्हणजे 'आऊटलुक एक्सप्रेस' असेच अनेकांच्या मनात समीकरण होते. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली 'इंटरनेट एक्सप्लोरर ४' सोबत हे सॉफ्टवेअर दिले आणि पुढे 'विंडोज ९८'पासून 'विंडोज एक्सपी'पर्यंत ते संगणकाबरोबरच मिळत राहिले. लघुउद्योजकांच्या मागण्या व दरपत्रके, करसल्लागाराशी झालेला पत्रव्यवहार, कर्जमंजुरीची पत्रे, परदेशी गेलेल्या मुलांची खुशाली असे सारे काही त्यात साठत गेले.

२००७ साली आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'मध्ये त्याची जागा 'विंडोज मेल'ने घेतली. 'विंडोज ७'साठी 'विंडोज लाईव्ह मेल' हे सॉफ्टवेअर वेगळे उतरवून घ्यावे लागे. त्याचाही आधार १० जानेवारी २०१७ रोजी संपला. साहजिकच जुना संगणक थकला आणि नवा घरी आला, की हाच प्रश्न उभा राहतो : ते जुने सॉफ्टवेअर नव्या संगणकावर पुन्हा सुरू करता येईल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना सॉफ्टवेअर आणि पत्रव्यवहार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. सॉफ्टवेअर गेले तरी पत्रे जात नाहीत. जपावयाची आहेत ती पत्रे.

सॉफ्टवेअर पुन्हा का चालत नाही?

पहिले कारण त्याच्या घडणीत आहे. 'आऊटलुक एक्सप्रेस' हे स्वतंत्र सॉफ्टवेअर नव्हते. ते त्या काळच्या 'विंडोज'चाच भाग होते. एक्सपीनंतरच्या घरगुती 'विंडोज'साठी मायक्रोसॉफ्टने ते कधीच दिले नाही. त्यामुळे जुन्या संगणकातील त्याचे फोल्डर उचलून नव्या संगणकात ठेवले, तरी ते चालू होत नाही.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. संगणक आणि ई-मेल सर्व्हर यांच्यातील संभाषण सांकेतिक रूपात व्हावे, यासाठी 'टीएलएस' ही पद्धत वापरतात. तिच्या १.० व १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकांतून अधिकृतपणे निवृत्त करण्यात आल्या. एक्सपीवरील 'आऊटलुक एक्सप्रेस'ची धाव मात्र १.० पर्यंतच होती. शिवाय केवळ नाव व पासवर्ड देऊन आत शिरण्याची जुनी सोयही आता राहिलेली नाही. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ती ३० मे २०२२ पासून बंद करण्यास सुरुवात केली, तर मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ रोजी बंद केली. म्हणजे खटपट करून जुने सॉफ्टवेअर उघडले, तरी या सेवांवर नवे टपाल आणणे-पाठविणे त्याला जमणार नाही.

पत्रे असतात कोठे?

'आऊटलुक एक्सप्रेस'मध्ये बहुतेकांची खाती 'पॉप' पद्धतीची असत. या पद्धतीत टपाल सर्व्हरवरून संगणकावर उतरे आणि वेगळी सूचना दिलेली नसल्यास सर्व्हरवरील प्रत पुसली जाई. त्यामुळे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पत्रांची एकमेव प्रत जुन्या हार्ड डिस्कवरच असण्याची शक्यता मोठी आहे. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी ही गोष्ट अवश्य लक्षात घ्यावी.

ही पत्रे 'डीबीएक्स' प्रकारच्या फाईलींत असतात. 'इनबॉक्स'ची एक फाईल, 'सेंट आयटेम्स'ची दुसरी, याप्रमाणे प्रत्येक कप्प्याची स्वतंत्र फाईल असते. जुना संगणक चालू असल्यास 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'मेंटेनन्स' आणि 'स्टोअर फोल्डर' या क्रमाने गेले, की त्यांचा नेमका पत्ता दिसतो. हे फोल्डर सहसा लपविलेले असते, म्हणून लपलेल्या फाईली दाखविण्याची सूचना 'विंडोज'ला आधी द्यावी लागते.

पत्रे बाहेर काढण्याचा क्रम

१. सर्वप्रथम संपूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राईव्हवर किंवा बाहेरील डिस्कवर घ्यावी व मूळ फाईलींना हात लावू नये. डीबीएक्स फाईल दोन जीबीच्या मर्यादेजवळ गेली, की ती बिघडण्याचा धोका असतो. तसेच फाईल आटोपशीर करण्याची, म्हणजे 'कॉम्पॅक्ट'ची क्रिया मध्येच थांबविल्यास पत्रे नाहीशी होऊ शकतात.

२. जुना संगणक चालू असेल, तर काम सोपे आहे. 'आऊटलुक एक्सप्रेस'मधील एका कप्प्यातील सर्व पत्रे निवडून ती माऊसने ओढून एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये सोडावीत. प्रत्येक पत्राची स्वतंत्र 'ईएमएल' फाईल तयार होते. तिच्यात मजकुराबरोबरच जोडपत्रे, पाठविणाऱ्याचा पत्ता, तारीख व वेळही राहते.

३. पत्त्यांची वही विसरू नये. 'फाईल' मेनूतील 'एक्स्पोर्ट'मधून ती स्वल्पविरामांनी विभागलेल्या मजकुराच्या, म्हणजे 'सीएसव्ही' फाईलीच्या रूपात काढता येते.

४. जुना संगणक बंद पडला असेल, तर त्याची हार्ड डिस्क यूएसबी जोडणीद्वारे नव्या संगणकाला लावून फाईली घेता येतात. त्यानंतर नव्या संगणकातच आभासी यंत्र उभारून त्यात परवानाधारक 'एक्सपी' चालवावी, 'आऊटलुक एक्सप्रेस'च्या 'इम्पोर्ट' सोयीने फाईली आत घ्याव्यात आणि वरीलप्रमाणे ईएमएल फाईली काढाव्यात. एक्सपीचा सुरक्षा-आधार ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला असल्याने या आभासी यंत्राला इंटरनेटची जोडणी मुळीच देऊ नये.

५. जुन्या सीडीवरून घेतलेल्या फाईलींवर 'रीड ओन्ली' ही खूण राहते आणि आयात अडते. फाईलीच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन ती खूण आधी काढावी.

६. नव्या संगणकावर 'मोझिला थंडरबर्ड' हे विनामूल्य सॉफ्टवेअर घ्यावे. 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी' या पूरक जोडणीच्या साहाय्याने फोल्डरभर ईएमएल फाईली त्यात एकदम आणता येतात.

७. शेवटी ताळा करावा. प्रत्येक कप्प्यात पूर्वी किती पत्रे होती व आता किती आली, हे ताडून पाहावे. जोडपत्रे असलेली काही पत्रे उघडून पाहावीत आणि मगच काम पूर्ण झाले असे समजावे.

मराठी मजकुराची खास अडचण

त्या काळातील पुष्कळ मराठी पत्रे व जोडपत्रे 'श्रीलिपी' किंवा सी-डॅकच्या 'आयएसएम'सारख्या साधनांनी, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली असत. नव्या संगणकावर ती उघडली, की रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक जुळणी दिसते. फाईल खराब झाली असे समजून अनेकदा ती पुसून टाकली जाते. वास्तविक मजकूर शाबूत असतो. मूळ फॉन्ट बसविल्यास तो पूर्ववत दिसतो आणि परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्येही आणता येतो.

कायद्याच्या दृष्टीने

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७ नुसार, ठराविक मुदतीपर्यंत जपावयाची कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवता येतात. मात्र ती पुढे वापरता येण्याजोगी असावीत, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखविणाऱ्या स्वरूपात असावीत, आणि ती कोणी, कोणास व केव्हा पाठविली याचा तपशील उपलब्ध असावा, अशा अटी आहेत. केवळ छापील प्रत काढून मूळ फाईल पुसणे म्हणूनच शहाणपणाचे नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा सादर करताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते. वादाचा विषय असलेली पत्रे ज्या डिस्कवर आहेत ती डिस्कही जपून ठेवावी आणि वकिलांचा सल्ला घ्यावा.

सावधगिरी

'नव्या विंडोजसाठी आऊटलुक एक्सप्रेस' अशा नावाने इंटरनेटवर मिळणाऱ्या फाईली मायक्रोसॉफ्टच्या नाहीत. अनोळखी ई-मेल सॉफ्टवेअरला पासवर्ड दिला, की सारा पत्रव्यवहार त्याच्या हाती जातो. त्यात बँकेची खातेपत्रके आणि पासवर्ड बदलण्याचे दुवेही आले. दुरुस्तीच्या निमित्ताने संगणकाचा दूरस्थ ताबा मागणाऱ्यास तो देऊ नये आणि ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झाल्यास विनाविलंब बँकेला कळवावे व राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

सॉफ्टवेअरचे आयुष्य अल्प असते. 'विंडोज १०'बरोबर आलेल्या 'मेल' या ॲपचा आधारही ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. आज वापरात असलेले सॉफ्टवेअरही कधीतरी बंद होईल. म्हणून वर्षातून एकदा, आर्थिक वर्षअखेरीच्या कामांबरोबरच, महत्त्वाची पत्रे ईएमएल स्वरूपात काढून त्यांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि त्या कोठे आहेत हे घरातील आणखी एका व्यक्तीस सांगून ठेवावे.