खटक्याचा आवाज आणि शेजारचे टेबल

संध्याकाळी मी एका वकिलांच्या कचेरीत मराठी टंकलेखनाचे काम करते. खोली एक, टेबले चार. पहिल्या दोन पगारांतून हौसेने यांत्रिक कळफलक घेतला आणि तेथे नेला. तिसऱ्या दिवशी एक वृद्ध बाई वारसनोंदीची हकीकत हळू आवाजात सांगत होत्या. मी टंकू लागले की त्या बोलायच्या थांबत. कारकून काका एवढेच म्हणाले, “पोरी, जरा दमानं.” कळफलक पिशवीत भरून घरी आणला. चूक नेमकी कोठे झाली, याचा शोध घेताना जे समजले ते येथे मांडावयाचे आहे.

साध्या कळफलकात बहुधा सर्व कळींखाली रबराचा एकच सलग पडदा असतो. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र खटका असतो. त्यात एक स्प्रिंग, एक सरकता दांडा आणि धातूच्या पात्या. चेरी या मूळच्या अमेरिकन कंपनीच्या एमएक्स खटक्यांवरून रंगांची भाषा रूढ झाली आहे. निळा खटका मुद्दाम ‘टिक्’ करतो, तपकिरी बोटाला मध्येच बारीक उंचवटा जाणवून देतो, लाल सरळ खाली जातो. माझा अर्थातच निळा होता!

मग लाल घ्यावा काय? मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु ‘टिक्’ गेली म्हणून आवाज जात नाही. दांडा खाली तळावर आपटतो आणि परत येताना वरच्या झाकणावर आपटतो. एका अक्षरामागे हे दोन ठोके असतातच. कळीच्या टोपीखाली रबरी कडी बसविली तर खालचा ठोका मऊ होतो, वरचा तसाच राहतो. मूक खटक्यांत दांड्यालाच दोन्ही बाजूंनी रबर असते. चेरीचा साधा लाल खटका एकूण ४ मिलिमीटर खाली जातो. मूक लाल ३.७ मिलिमीटर.

येथे एक गंमत आहे. साधा लाल खटका २ मिलिमीटरवरच अक्षर उमटवतो; पुढचे दाबणे फुकट. टाइपरायटरवर मात्र अक्षराचा ठसा कागदावर उमटायला कळ जोराने मारावीच लागे. काकांचा हात तसाच घडला आहे, आणि मला त्यांनीच शिकविले. म्हणून मला उंचवटा असलेला मूक खटका अधिक पसंत पडला. बोटाला थांबण्याची जागा कळते.

दुकानात परीक्षा करू नये. तेथील गलक्यात कोणताही कळफलक मुकाच वाटतो. शिवाय खटके उपटून बदलता येतील असाच कळफलक घ्यावा. माझा पहिला सोल्डर केलेला निघाला, त्यामुळे तो निम्म्या किमतीत विकावा लागला. खाली घडी घातलेला पंचा अंथरला की लाकडी टेबलाची घुमणी बरीच कमी होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

राहता राहिल्या रुंद कळी. इनस्क्रिप्ट पद्धतीत ख, घ, थ, ध यांना शिफ्ट लागते, आणि शिफ्टखाली तोल सांभाळणारी तार असते. ती सैल असली की खुळखुळते. नव्या कळफलकाबद्दल काकांची तक्रार नाही, पक्षकारही बोलतात. डावा शिफ्ट मात्र अजून ‘ख’च्या वेळी वाजतो, रविवारी त्याच्या तारेला ग्रीस लावायचे आहे.