पाण्यावर उतरणारं विमान

जिझानच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर तांबडा समुद्र दिसतो. १९१६ साली याच समुद्रात 'बेन-माय-क्री' हे ब्रिटिश जहाज फिरत होतं. त्यावर 'शॉर्ट १८४' ही पाण्यावर उतरणारी विमानं होती. चला, तसंच एक पुठ्ठ्याचं विमान करू या!

प्रमाण १:७२ घ्या. खऱ्या विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १९.४ मीटर होते. तुमचे २७ सेंटिमीटर होतील. चाकं लावू नका. पोटाखाली दोन लांबट तरंगत्या पेट्या आणि शेपटीखाली एक छोटी पेटी चिकटवा. मोठ्या पेट्यांच्या मधे टॉर्पेडो बसवा.

टॉर्पेडो बसवलात ना? मग मागची सीट रिकामी ठेवा! ऑगस्ट १९१५ मध्ये तुर्कस्तानजवळ वैमानिक चार्ल्स एडमंड्स असाच टॉर्पेडो घेऊन निघाला. वजन फार होतं, म्हणून त्याचा सोबती जहाजावरच राहिला. पेट्रोलही कमी भरलं. एडमंड्स एकटाच उडाला.

कोणी विचारलं, "ही सीट रिकामी का?", तर ही गोष्ट सांगा.

शब्दार्थ
प्रमाण – खऱ्या वस्तूच्या मानाने मॉडेल किती लहान, ते सांगणारा आकडा
वैमानिक – विमान चालवणारा

सांगा पाहू
खरं विमान सुमारे १२.४ मीटर लांब होतं. तुमचं किती सेंटिमीटर होईल?