ओट्याखालची झडप

सिंकला वास यायला लागला की पहिला संशय घर आवरणाऱ्या बाईवर येतो. आमच्याकडे तो माझ्यावर आला आणि माझ्याबरोबर लसणावर. कारणही सबळ होतं. मी फोडणी टाकली की दहा मिनिटांत स्वयंपाकघरात एक कुजका, अंड्यासारखा दर्प पसरायचा. सकाळी नुसता चहा केला तर काही नाही. नवऱ्याने दोन आणि दोन चार केले. घरी आलेल्या एका अमेरिकन मैत्रिणीने तर फार गोड आवाजात विचारलं की हा कुठला मसाला आहे! आई सांगलीहून आली, तिने मात्र पहिल्याच संध्याकाळी निकाल दिला. "अगं, फोडणीला कसली नावं ठेवता? तुझ्या ओट्याखाली काहीतरी मेलंय."

आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन होजेला राहतो. घर कारखान्यात तयार झालेलं. पोलादी सांगाड्यावर दोन अर्ध्या भागांत बांधून, ट्रकने ओढत आणून इथे जोडलेलं. लोक सर्रास मोबाइल होम म्हणतात. कागदोपत्री 15 जून 1976 नंतर बनलेलं, केंद्र सरकारच्या नियमावलीत बसणारं ते मॅन्युफॅक्चर्ड होम. या शहरात अशा घरांची पन्नासाहून जास्त पार्कं आहेत. घर आपलं, खालची जागा भाड्याची. इथल्या घरांच्या किमती पाहिल्या की आपल्यासारखी नोकरदार माणसं या पार्कांकडे का वळतात ते वेगळं सांगायला नको. घर उत्तम आहे, तक्रार नाही. पण त्याच्या नळकामात एक गोष्ट अशी आहे जी घर विकणाऱ्याने आम्हाला सांगितली नाही आणि दुरुस्तीला आलेल्या माणसालाही ठाऊक नव्हती.

त्या माणसाने सिंकमध्ये टॉर्च मारली आणि खरकटं दळणारं यंत्र, म्हणजे डिस्पोजर, खराब झालाय असं सांगितलं. नवा बसला, चांगले तीन आकडी डॉलर गेले, वास जिथल्या तिथे. मग त्याने तुंबलेली मोरी मोकळी करायचं जळजळीत रसायन ओतायचा सल्ला दिला. सिंक तुंबलेलं नव्हतंच. शेवटी दोन घरं सोडून राहणारे एक निवृत्त प्लंबर आले. त्यांनी सिंकमध्ये डोकावूनही पाहिलं नाही. खालचं कपाट उघडलं, साबणाच्या बाटल्या बाजूला केल्या, हात थेट मागच्या कोपऱ्यात घातला आणि उभ्या पाइपाच्या टोकावरचं एक काळं प्लॅस्टिकचं टोपण पिळून बाहेर काढलं. मग मला चुलीवरचा पंखा लावायला सांगितला. पंखा सुरू झाला आणि त्या उघड्या पाइपातून असा भपकारा आला की आई पदर नाकाला लावून बाहेर गेली.

लसूण सुटला. फोडणी टाकताना मी पंखा लावत होते. पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते, आणि ही घरं बऱ्यापैकी बंदिस्त असतात. सगळ्यात सोपी वाट कपाटातल्या त्या टोपणातून होती. म्हणजे पंखा गटाराची हवा माझ्या कढईपर्यंत आणून सोडत होता.

हे टोपण म्हणजे हवेची झडप. ती कशाला लागते ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. सिंकखालच्या पाइपाला जो वाकडा बाक असतो, तो ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी उभं राहतं आणि गटाराचा वायू त्या पाण्यापाशी अडतो. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 साली शौचकूपाच्या पेटंटमध्ये असा बाक घेतला होता. तत्त्व अजून तेच आहे. अडवणारं पाणी साधारण दोन इंच उंचीचं. पण सिंकभर पाणी एकदम सोडलं की ते पाइपातून धावताना मागे ओढ निर्माण करतं आणि बाकातलं पाणीही स्वतःबरोबर घेऊन जातं. ते टिकवायचं तर पाइपात मागून हवा मिळाली पाहिजे. नेहमीच्या घरात त्यासाठी एक पाइप भिंतीतून थेट छपरावर नेतात. कारखान्यातल्या घरात प्रत्येक सिंकसाठी छपराला भोक पाडणं गैरसोयीचं, म्हणून नियमावलीने सवलत दिली. छपरातून जाणारा मुख्य व्हेंट हवाच, पण दीड इंचापर्यंतच्या ट्रॅपला झडप चालेल. पाणी वाहिलं की ओढीने झडपेची चकती हलते, हवा आत जाते. ओढ संपली की स्प्रिंग चकती पुन्हा जागेवर बसवते.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सिंकचा पन्हळी पाइप बहुतेक वेळा जमिनीतल्या जाळीत नुसता खुपसलेला असतो. वास आला की पाइपाभोवती फडकं कोंबायचं, एवढंच आपलं शास्त्र. त्यामुळे या झडपेचं नावही ऐकलेलं नसतं.

आमची झडप मी वर्तमानपत्रावर ठेवून नीट पाहिली. काळ्या टोपणात निओप्रीन रबराची नाण्याएवढी चकती, वर बारीक स्प्रिंग. रबर ताठ झालेलं, एका बाजूची कड पापडासारखी वर वळलेली. त्या फटीतून नखाचं टोक सहज जात होतं. झडपेत यापेक्षा मोठा काही बिघाड नव्हता.

झडप दोन तऱ्हांनी बिघडते. आमच्यासारखी उघडी राहिली तर वास सरळ येतो, पंखा लावल्यावर किंवा वॉशिंग मशीनने पाणी सोडल्यावर जास्त. बंद स्थितीत अडकली तर आधी आवाज येतो: सिंक रिकामं होताना शेवटी मोठ्याने गुडगुड, पाणी सावकाश उतरणं. मग बाकातलं पाणी ओढलं जातं आणि वास नंतर येतो, तोही सिंकच्या तोंडातून. म्हणून वास कुठून येतोय याआधी ऐकू काय येतंय ते पाहा.

पण झडपेवर हात टाकण्याआधी एक खात्री करा. चुलीच्या गॅसलाही मुद्दाम असाच सडका वास दिलेला असतो. वास सिंकपाशी नसून चूल, हीटर किंवा भट्टीच्या कपाटापाशी असेल, किंवा सगळ्या घरात एकसारखा असेल तर टॉर्च घेऊन शोधत बसू नका. दिव्याचं बटणही दाबू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच गॅस कंपनीला फोन करा.

ते नसेल तर पेलाभर गरम पाणी घ्या, सिंकपासून दूर नेऊन हुंगा. पाण्यालाच वास असेल तर दोष पाणी तापवायच्या टाकीत आहे. आतल्या मॅग्नेशियमच्या कांडीमुळे आणि पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंमुळे असं होतं. पाहुण्यांच्या बाथरूमची मोरी महिनोन्महिने वापरात नसेल तर तिच्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, तिथे तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं. डिस्पोजरच्या तोंडाशी रबरी पाकळ्या असतात, त्यांच्या खालच्या बाजूला साय धरते. यंत्राची वीज बंद करून त्या जुन्या ब्रशने घासा. आपल्या तेलकट रश्श्यांमुळे ही साय लवकर जमते, एवढा दोष फोडणीला द्यायला माझी हरकत नाही.

एवढं करूनही कपाटातच वास घुमत असेल तर झडप काढा. उघड्या पाइपाच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने घट्ट बांधा आणि त्या रात्री सिंक वापरू नका. सकाळी कपाटाला वास नसेल तर चोर सापडला. पिशवी मात्र लगेच काढून झडप बसवा. काही लोक वास थांबला म्हणून तिथे कायमचं बूच लावून टाकतात. मग हवा बंद, गुडगुड सुरू, ट्रॅप कोरडा, आणि वास पुन्हा, या वेळी सिंकच्या तोंडातून.

नवी झडप बसवणं बल्ब बदलण्याइतकंच अवघड. जुनी दुकानात न्या, दीड इंची आटे जुळतात का पाहा. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या आणि हाताने पिळा. पान्हा लावला तर प्लॅस्टिक चिरतं. आट्यांना डिंक तर मुळीच लावू नका, पुढच्या वेळी करवत घ्यावी लागेल. स्प्रिंगची झडप पाच-सात डॉलरला मिळते. तिच्याच शेजारी वीस-तीस डॉलरची, स्प्रिंग नसलेली, चकतीच्या वजनाने मिटणारी झडप असते. मी ती घेतली. स्प्रिंग गंजायचा, ढिली व्हायचा प्रश्न मिटतो. ती अगदी सरळ उभी मात्र हवी, तिरपी चालत नाही. झडपेचं तोंड ट्रॅपमधून निघणाऱ्या आडव्या पाइपाच्या बरंच वर असावं लागतं. स्प्रिंगवालीसाठी नियमावली सहा इंच सांगते. आणि मराठी घर आहे म्हणजे सिंकखाली पिशव्यांची पिशवी असणारच. ती झडपेवर टेकवू नका. झडपेला भोवती मोकळी हवा लागते.

नवी झडप बसवूनही वास राहिला तर मात्र प्रकरण ओट्याखालचं नाही. झडप हवा फक्त आत घेते, बाहेर सोडत नाही. छपरावरचा मुख्य व्हेंट पानांनी किंवा पक्ष्याच्या घरट्याने बुजला असेल तर वॉशिंग मशीन रिकामं होताना संडासात बुडबुडे येतात. दुसरी जागा म्हणजे घराचं पोट. जमिनीखाली ऊब राखायला जे आच्छादन ताणलेलं असतं, ते कुठे ओलं होऊन लोंबत असेल तर वरचा सांडपाण्याचा पाइप निखळलेला असू शकतो. घर एका बाजूला खचलं तरी पाइपाचा दर फुटाला पाव इंच असणारा उतार बिघडतो. ही कामं परवानाधारक आणि अशा घरांची सवय असलेल्या प्लंबरची आहेत. पाइपांत बदल करायचा असेल तर कॅलिफोर्नियात सहसा राज्याच्या गृहनिर्माण खात्याचं पर्मिट लागतं. नगरपालिकेत खेटे घालू नका.

असं घर विकत घ्यायला निघालात तर छताच्या आणि गालिच्याच्या आधी स्वयंपाकघरात जा. मालक मेणबत्त्या लावून बसला असेल तर त्या विझवायला सांगा, रोज तिथे राहणाऱ्याचं नाक सरावलेलं असतं. सिंक काठोकाठ भरून बूच एकदम काढा, चुलीवरचा पंखा जोरात लावा, खालचं कपाट उघडा आणि डोकं आत घाला. बरोबर इन्स्पेक्टर असेल तर त्यालाही घालायला लावा, त्याचे पैसे तुम्ही देताय.