लाद्यांची हिरवळ : पहिले तीन आठवडे महत्त्वाचे

घरापुढील अंगण, शाळा, मंगल कार्यालये तसेच कृषी पर्यटन केंद्रे येथे हिरवळ करण्याकडे कल वाढत आहे. हरळीच्या कांड्या लावून जमीन झाकण्यास दोन-तीन महिने लागतात. गवताच्या तयार लाद्या बसविल्यास अंगण एका दिवसात हिरवे दिसते. मात्र येथेच अनेकांची फसगत होते. लादी काढताना खोल गेलेली मुळे कापली जातात व मागे राहतात. लादीबरोबर तीन-चार सें.मी. मातीतील मुळे तेवढी येतात. म्हणजे पान तयार मिळते, मूळ तयार मिळत नाही. नवे मूळ खालच्या जमिनीत उतरेपर्यंतचे तीन आठवडे सांभाळले, तरच हिरवळीवर केलेला खर्च वाया जात नाही.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटरवर १ मि.मी. पाणी म्हणजे १ लिटर. एक गुंठा, म्हणजे सुमारे १०१ चौ.मी. हिरवळीस एका वेळी २५ मि.मी. पाणी द्यावयाचे झाल्यास अडीच हजार लिटर लागते. उन्हाळ्यात दर पाच दिवसांनी पाळी धरली, तर महिन्याला सुमारे १५ हजार लिटर होतात. मे महिन्यात विहिरीला एवढे पाणी पिके व जनावरे भागवून उरणार नसेल, तर क्षेत्र कमी करावे. गुंठाभर वाळलेल्या हिरवळीपेक्षा पाव गुंठा जिवंत हिरवळ बरी.

हंगाम व गवताची निवड

पठारी भागात जुलै-ऑगस्ट हा काळ योग्य आहे. कोकणात पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये लाद्या बसवाव्यात. कडक उन्हाळा टाळावा. उघड्या जागी हरळीवर्गीय गवत चांगले येते, परंतु झाडाखाली ते विरळ होते. अशा ठिकाणी सावली सोसणारे सेंट ऑगस्टीन गवत घ्यावे. कोरियन गवत सावकाश वाढते, त्यामुळे कापणी कमी लागते.

जमिनीची तयारी

जमीन २० ते २५ सें.मी. खोल खणून दगड, काशा व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. गुंठ्यास ५०० किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात. भारी काळ्या जमिनीत निचऱ्यासाठी जाडसर वाळू मिसळावी आणि घराकडून बाहेर किंचित उतार ठेवावा. त्यानंतर पाणी देऊन उगवलेले तण काढावे. असे दोन वेळा करावे, कारण लादीखाली राहिलेला लव्हाळा पुढे हिरवळ न उचलता निघत नाही. शेवटी दाताळ्याने सपाटी करून हलका रूळ फिरवावा.

लाद्या बसविणे

३० × ३० सें.मी. आकाराच्या लाद्या गुंठ्यास सुमारे ११२० लागतात. तुटफूट धरून थोड्या जास्त घ्याव्यात. घेताना लव्हाळा नाही याची खात्री करावी. लाद्या विकणाऱ्या शेतकऱ्यांनीही हे पथ्य पाळावे, कारण एका लादीतील गाठी गिऱ्हाईकाचे सारे अंगण बिघडवितात. काढलेल्या लाद्या त्याच दिवशी बसवाव्यात. थप्पी लावून ठेवल्यास आत उष्णता वाढून गवत पिवळे पडते.

जमीन ओलसर करून घ्यावी व कडेच्या सरळ रेषेपासून सुरुवात करावी. लाद्या एकमेकींस भिडवाव्यात आणि विटांच्या बांधकामाप्रमाणे सांधेमोड करावी. उतारावर आडव्या ओळी धरून बांबूच्या खुंट्या ठोकाव्यात. फटी चाळलेली माती व शेणखताने भरून पुन्हा रूळ फिरवावा. लादीखाली पोकळी राहिल्यास तेथील मुळे वाळतात.

पाणी व्यवस्थापन

बसविल्यावर लगेच भरपूर पाणी द्यावे. एका लादीचा कोपरा उचलून खालची जमीन बोटभर भिजली आहे का, ते पाहावे. पहिले दोन आठवडे पाऊस नसेल तेव्हा सकाळी व दुपारी हलके पाणी द्यावे. रात्रभर पाने ओली राहिल्यास बुरशी वाढते. तिसऱ्या आठवड्यात गवत मुठीत धरून हलकेच ओढून पाहावे. लादी उचलली न गेल्यास मूळ धरले असे समजावे. त्यानंतर पाळ्यांतील अंतर वाढवीत जावे, मात्र प्रत्येक वेळी पाणी खोल मुरेल असे द्यावे. रोज वरवर शिंपडल्यास मुळे वरच राहतात व एका कडक दुपारी गवत माना टाकते.

कापणी व खते

मूळ धरेपर्यंत हिरवळीवर चालू नये. गवत सहा सें.मी. झाल्यावर, वाफसा पाहून, धारदार पात्याने पहिली कापणी करावी. एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. युरिया पहिला महिनाभर देऊ नये. नंतर पाने कोरडी असताना गुंठ्यास १ किलो सारखा फेकून लगेच पाणी द्यावे. पावसाळ्यात एखादा पट्टा पिवळा पडून गालिच्यासारखा सहज उचलला गेल्यास खाली हुमणीच्या अळ्या शोधाव्यात व वेचून नष्ट कराव्यात.

लादी बसविण्याचे काम एका दिवसाचे, पण त्याआधी जमिनीची मशागत आणि त्यानंतर तीन आठवड्यांची देखरेख अशी दोन्हीकडची मेहनत झाली, तरच हिरवळ टिकते.